पॅनलवरची माणसं

बाबांचा दवाखाना लालबागला होता, चाळीच्या तळमजल्यावरचा रस्त्याकडचा गाळा. मधे लाकडी पार्टिशन, पलीकडे कंपाउंडर काका, अलीकडे भिंतीला लागून एक लांब बाक. दारावरच्या पाटीवर बाबांच्या नावाखाली लाल अक्षरांत लिहिलेलं होतं, ‘ईएसआयएस पॅनल डॉक्टर’, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेच्या यादीतले डॉक्टर. गिरणी कामगाराच्या पगारातून थोडे पैसे कापले जायचे, मालक आपला वाटा भरायचा. कामगार आपल्या वस्तीतला एक पॅनल डॉक्टर निवडायचा आणि त्याचं कार्ड त्या डॉक्टरकडे यायचं. योजनेकडून बाबांना माणशी ठरलेली रक्कम मिळे. माणूस महिन्यात चारदा आला तरी तेवढीच, वर्षभर फिरकला नाही तरी तेवढीच. त्या कार्डांचा एक लाकडी खण होता. शाळेत असताना रविवारी ती कार्डं नीट लावून ठेवायचं काम माझ्याकडे असायचं.

२०१३ साली मी मध्य न्यू जर्सीत स्वतःचा दवाखाना सुरू करायला निघाले आणि पहिल्या एचएमओचा, म्हणजे आपल्या नेटवर्कमधल्या डॉक्टरांकडूनच उपचार देणाऱ्या विमा योजनेचा, करारनामा वाचायला बसले, तेव्हा तिसऱ्याच पानावर तो शब्द भेटला. पॅनल. माणशी, महिन्याला, इतके डॉलर. मी पान तसंच ठेवून उठले आणि चहा करून आणला. पाटीवरची ती लाल अक्षरं डोळ्यांपुढून हलत नव्हती.

आपल्याकडेही आता कॅशलेस, टीपीए, नेटवर्क हॉस्पिटल हे शब्द घरोघरी झालेत. मुंबई-पुण्याचे तरुण डॉक्टर मला विचारतात की अमेरिकेत डॉक्टर आणि विमा कंपनी यांचं नेमकं कसं चालतं, तिथे डॉक्टर कंपनीचा नोकर असतो का. नोकर नसतो, पण मोकळाही नसतो. मी ज्यातून गेले ते सांगते, म्हणजे त्यातलं थोडंफार उलगडेल.

मी केईएमची. २००२ ते २००५ इथे अमेरिकेत इंटर्नल मेडिसिनची रेसिडेन्सी केली आणि पुढे मधला थोडा काळ सोडला तर एका हॉस्पिटलच्या नोकरीत होते. नोकरीत असेपर्यंत विमा कंपनीशी माझा थेट संबंध असा आलाच नव्हता. कोणत्या कंपनीच्या नेटवर्कमध्ये मी आहे, कोणत्या दराने, हे सगळं हॉस्पिटलचं ऑफिस पाहायचं. दवाखाना स्वतःचा काढायचा ठरवल्यावर कळलं की लायसन्स, बोर्डाचं म्हणजे तज्ज्ञतेचं प्रमाणपत्र, इतक्या वर्षांचा अनुभव, हे सगळं असूनही मी कुठल्याच कंपनीच्या लेखी डॉक्टर नव्हते. त्यांच्या नेटवर्कमध्ये शिरायला आधी क्रेडेन्शियलिंग व्हावं लागतं. मराठीत याला एक शब्द नाही. डॉक्टरची मुळापासून छाननी म्हणा.

सुरुवात होते सीएक्यूएच नावाच्या एका सामाईक पोर्टलवर. तिथे आपली सगळी कुंडली भरायची. डॉक्टरचा दहा आकडी राष्ट्रीय ओळख क्रमांक म्हणजे एनपीआय नंबर, राज्याचं लायसन्स, अमली औषधं लिहिण्यासाठीची डीईए नोंदणी, चुकीच्या उपचाराच्या दाव्यांसाठी काढलेल्या विम्याचं पान, बोर्ड सर्टिफिकेट, कोणत्या हॉस्पिटलात रुग्ण दाखल करता येतो ते, आजवर झालेले दावे, शिक्षा, खटले. दर १२० दिवसांनी लॉग इन करून ‘यातलं सगळं अजून खरं आहे’ असं पुन्हा लिहून द्यायचं. विसरलात तर कंपन्यांना तुमची माहिती जुनी दिसते आणि काम तिथेच अडतं. प्रत्येक कंपनी ही माहिती उचलते आणि मुळाशी जाऊन तपासते. लायसन्सचं राज्याच्या बोर्डाला विचारते, रेसिडेन्सीचं त्या हॉस्पिटलला विचारते. १९९० पासून चालू असलेली एक राष्ट्रीय डेटा बँक आहे, तिच्यात डॉक्टरच्या चुकीपोटी भरपाई दिली गेली असेल किंवा त्याच्यावर कारवाई झाली असेल तर नोंद सापडते, तीही चाळतात. माझ्यासारख्या परदेशात एमबीबीएस केलेल्यांच्या पदवीचं काम बहुधा ईसीएफएमजी या परदेशी पदव्या पडताळणाऱ्या संस्थेच्या प्रमाणपत्रावर भागतं. मग कागद कंपनीच्या समितीपुढे जातात. मंजुरी मिळाली की करार, आणि तीन वर्षांनी हे सगळं पुन्हा पहिल्यापासून.

त्या फॉर्ममध्ये नोकरीचा इतिहास महिन्यासकट भरायचा असतो. मधे सहा महिन्यांहून मोठी फट असेल तर कारण लिहावं लागतं. माझ्या यादीत २०१० मध्ये आठ महिन्यांची फट होती. फॉर्मवर लाल चौकट उमटली, ‘या कालावधीत आपण काय करत होता?’ त्या आठ महिन्यांत मी लालबागला होते. बाबांचं यकृत निकामी होत होतं. मी नोकरी सोडून गेले होते, त्यांचं पोटातलं पाणी काढायला केईएमला नेत होते, रात्री त्यांच्या उशाशी बसत होते. चौकटीत २५० अक्षरं मावत होती. मी बरंच काही लिहिलं आणि खोडलं. शेवटी एक ओळ राहिली, ‘आजारी वडिलांची देखभाल, मुंबई, भारत.’ एका कंपनीने ती जशीच्या तशी घेतली. दुसरीने पुरावा मागितला. मी बाबांचा मृत्यूचा दाखला स्कॅन करून पाठवला. महापालिकेचा तो मराठी-इंग्रजी कागद एका अनोळखी समितीच्या टेबलावर जाणार, हे मनाला लागलं. पण आता विचार करते तेव्हा वाटतं, विचारायला हवं होतं ते त्यांनी विचारलं. आठ महिने एखादा डॉक्टर कुठे होता, तुरुंगात होता, व्यसनातून उठत होता की आणखी कशात, हे ज्याच्या हाती माणसं सोपवायची त्याच्याबद्दल कुणीतरी पाहिलंच पाहिजे.

पहिल्या कंपनीचं पत्र यायला चौदा आठवडे लागले. दुसरीचं पाच महिन्यांनी आलं. तिसरीने कळवलं की या भागात प्रायमरी केअरचे डॉक्टर पुरेसे आहेत, सध्या नेटवर्क बंद आहे. दरम्यान गाळ्याचं भाडं चालू होतं, दोन जणींचा पगार चालू होता आणि रुग्णही यायला लागले होते. मंजुरीच्या तारखेआधी पाहिलेल्या रुग्णाचे पैसे कंपनी मागाहून सहसा देत नाही. एका ओळखीच्याने सुचवलं की तोवर दुसऱ्या डॉक्टरच्या नंबरावर बिलं लाव. तो सरळ गुन्हा आहे आणि मी तो केला नाही. जमेल त्यांच्याकडून थोडी रोख फी घेतली, बाकीच्यांना तसंच पाहिलं. नवीन दवाखाना काढणाऱ्या प्रत्येकाला मी एवढंच सांगते, जागा शोधायच्याही आधी हे अर्ज टाका आणि सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा.

करारनामा साठ पानांचा होता. एकेका कामाचे दर छापलेलेच नव्हते. ‘मेडिकेअरच्या दराच्या इतके टक्के’ असं वाक्य होतं (मेडिकेअर म्हणजे मुख्यतः ६५ च्या पुढच्यांसाठीची सरकारी विमा योजना) आणि तक्ता मागितल्याशिवाय मिळत नव्हता. तो मी मागितला. बिलात प्रत्येक कामाचा एक कोड असतो, आणि रोज लागणारे थोडेच असतात. जुन्या रुग्णाची साधी तपासणी म्हणजे ९९२१३, जरा गुंतागुंतीची म्हणजे ९९२१४. असे वीस-पंचवीस कोड काढून त्यांचे दर शेजारी लिहिले, तेव्हा चित्र दिसलं. दरांपेक्षा महत्त्वाची कलमं मात्र मागे होती. कंपनीने पैसे दिले नाहीत तर ते रुग्णाकडून मागायचे नाहीत, हे एक. मला ते तेव्हाही पटलं, आजही पटतं. कंपनी आणि डॉक्टर यांच्या भांडणात रुग्णाच्या दाराशी वसुलीचं पत्र जाता कामा नये. दुसरं, कंपनीचं एक नियमपुस्तक असतं आणि ते कराराचाच भाग धरलं जातं. पुस्तक कंपनी बदलणार, मला फक्त कळवणार. आणि तिसरं, कोणत्याही कारणाशिवाय ९० दिवसांच्या नोटिशीवर कुणीही करार मोडू शकतो. कुणीही म्हणजे मीही. पण मी मोडला तर कंपनीला शेकडो डॉक्टरांतला एक कमी होणार, आणि तिने मोडला तर माझा निम्मा दवाखाना रिकामा होणार.

मी दर वाढवून मागितले. नाही म्हणाले. मग आम्ही आसपासचे छोटे दवाखानेवाले एकत्र जाऊन बोलू या का, असं मी एका वकिलाला विचारलं. त्याने तिथल्या तिथे थांबवलं. स्वतंत्र धंदा करणाऱ्या डॉक्टरांनी मिळून दर ठरवणं हे इथल्या स्पर्धा कायद्याखाली संगनमत ठरतं. ॲरिझोनातल्या मॅरिकोपा काउंटीच्या डॉक्टरांनी मिळून फीची कमाल मर्यादा ठरवली होती, तीसुद्धा सुप्रीम कोर्टाने १९८२ साली बेकायदा ठरवली. १९८२. हा आकडा मुंबईच्या गिरणगावात वाढलेल्या माणसाला वेगळा ऐकू येतो. त्या वर्षी १८ जानेवारीला अडीच लाख कामगार संपावर गेले होते. मी सहा वर्षांची होते. पुढच्या काही वर्षांत बाबांच्या खणातली कार्डं पातळ होत गेली. माणसं गावी गेली, कुणी भाजी विकायला बसलं, कुणी कुठे गेलं ते कळलंच नाही. पॅनलवरची डोकी गेली तशी बाबांची मिळकतही गेली.

एकत्र यायचा एक कायदेशीर मार्ग असतो. नफ्या-तोट्याची जोखीम खरोखर वाटून घेणारी डॉक्टरांची संघटना करायची आणि तिने करार करायचा. इथे तिला आयपीए म्हणतात. वर्षभराने मी एका आयपीएत गेले, आणि माणशी पैशांचा करार त्यांच्यामार्फत आला.

पहिल्या महिन्याचा चेक आणि सोबत नावांची यादी आली. यादीत ४१ माणसं. वय आणि स्त्री-पुरुष यांवर दर कमी-जास्त होता, सरासरी माणशी २० डॉलर पडले. म्हणजे ८२०. त्यातले दहा टक्के कंपनीने वर्षअखेरीपर्यंत रोखून धरलेले, कारण तोवर माझ्या पॅनलवरचा हॉस्पिटल आणि स्पेशालिस्टांचा खर्च अंदाजात राहतो का ते पाहायचं होतं. हातात ७३८. मी यादीवरून बोट फिरवत गेले. ४१ पैकी २३ नावं मी कधी ऐकलेलीच नव्हती. मी बिलिंग सांभाळणाऱ्या सहकारीला विचारलं, ही कोण? ती म्हणाली, ज्यांनी स्वतः डॉक्टर निवडला नाही, त्यांना कंपनीने पत्ता बघून तुमच्याकडे टाकलंय. ते आले नाहीत तरी पैसे येत राहतील, काळजी करू नका.

काळजी तिथेच सुरू झाली. त्या महिन्यात एक मधुमेही गृहस्थ पायाच्या जखमेसाठी सात वेळा आले. त्यांच्यापोटी मला २० डॉलर मिळाले. जे २३ आलेच नाहीत त्यांच्यापोटी साडेचारशेच्या वर. पैशाचा हा ओघ डॉक्टरच्या हाताला कुठल्या दिशेने ढकलतो, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. आणि रुग्ण जितका जास्त येईल तितके पैसे, ही पद्धत उलट्या बाजूला ढकलते, ते मी नोकरीत पाहिलं होतं. तिथे महिनाअखेरीला प्रत्येक डॉक्टरने किती माणसं पाहिली त्याचा तक्ता भिंतीवर लागायचा.

माणशी पैशांची कल्पना वाईट मनाने जन्मली असंही नाही. १९३३ साली कॅलिफोर्नियाच्या मोहावे वाळवंटात लॉस एंजेलिसला पाणी नेणाऱ्या कालव्याचं काम चालू होतं. सिडनी गारफील्ड नावाच्या तरुण डॉक्टरने तिथे बारा खाटांचं हॉस्पिटल टाकलं आणि ते बुडायला आलं, कारण बिलं वसूल होत नव्हती. मग ठरलं की दर कामगारामागे दिवसाला पाच सेंट आधीच द्यायचे. त्या दिवसापासून कामगार धडधाकट राहणं हे डॉक्टरच्याही फायद्याचं झालं. कामाच्या जागी वर आलेले खिळे ठोकून घ्या, असं तो मुकादमांना सांगत फिरायचा. त्याच बीजातून पुढे कैसर पर्मनेंटे ही आरोग्य योजना उभी राहिली आणि १९४५ मध्ये ती सगळ्यांना खुली झाली. १९७३ मध्ये निक्सन यांच्या सहीने एचएमओ कायदा आला आणि हीच चाल देशभर गेली. खिळे ठोकणारा डॉक्टर त्या कायद्याला अपेक्षित होता. माझ्या यादीतल्या २३ जणांचे खिळे कुठे होते, मला ठाऊक नव्हतं.

बाबांच्या बाकावर कार्डवाला आणि रोखवाला शेजारी बसायचे आणि नंबराने आत जायचे. मीही तेच करायचं ठरवलं. तपासताना माझ्या स्क्रीनवर विमा कंपनीचं नावच दिसू नये अशी सोय मी सॉफ्टवेअरवाल्यांकडून करून घेतली. वाटलं, आता आपला हात निकोप राहील. तीन महिन्यांनी एक मराठी काकू डोळ्यांत पाणी घेऊन आल्या. त्यांच्या हातात लॅबचं ६४० डॉलरचं बिल होतं. मी लिहिलेल्या रक्ततपासण्या आमच्या नेहमीच्या लॅबला गेल्या होत्या आणि ती लॅब त्यांच्या योजनेच्या नेटवर्कमध्ये नव्हती. एचएमओमध्ये नेटवर्कबाहेर गेलं की बहुतेक वेळा सगळा खर्च रुग्णाचा. कोणत्या लॅबमध्ये, कोणत्या हृदयरोगतज्ज्ञाकडे, कोणत्या एक्स-रे सेंटरला पाठवायचं, औषधांच्या यादीत कोणतं औषध स्वस्त गटात आहे, हे सगळं कंपनीच्या नावावर ठरतं, आणि मी तेच झाकून ठेवलं होतं. काकूंचं बिल मी लॅबशी बोलून बरंच कमी करून घेतलं, उरलेलं भरलं. सोय बदलून घेतली. आता तपासणी लिहून संपेपर्यंत विम्याचं नाव दिसत नाही. काय हवं ते ठरलं की मग दिसतं, म्हणजे ते कुठे करायचं ते पाहता येतं. या छोट्या बदलासाठी सॉफ्टवेअरवाल्यांच्या मागे सहा आठवडे लागावं लागलं आणि माझ्या मते तो माझ्या दवाखान्यातला सगळ्यात मोलाचा बदल आहे.

आता पूर्वमंजुरीकडे येते, कारण रोजच्या कामात डॉक्टर आणि योजना यांची गाठ तिथेच पडते. महागडी तपासणी, महागडं औषध, काही शस्त्रक्रिया, यांना कंपनी आधी होकार देईल तरच पैसे मिळतात. स्कॅनची पूर्वमंजुरी तर बऱ्याच कंपन्या स्वतः पाहतही नाहीत, त्यासाठी दुसरी कंपनी नेमतात.

२०१६ च्या मार्चमध्ये एक बाई आल्या. ६१ वर्षांच्या, शाळेच्या कँटीनमध्ये काम करणाऱ्या, कंबर दुखते म्हणून. दोन महिने दुखत होती, रात्री जास्त. मी विचारलं, वजन? त्या म्हणाल्या, स्कर्ट सैल झालेत. तीन महिन्यांत साडेपाच किलो उतरलं होतं. नऊ वर्षांपूर्वी उजव्या स्तनाचा कर्करोग, शस्त्रक्रिया आणि केमो झालेली. कमरेच्या वरच्या मणक्यावर हलकेच मूठ आपटली तर त्या कळवळल्या. अशा वेळी थांबायचं नसतं, लगेच एमआरआय करायचा, हे वैद्यकाच्या विद्यार्थ्यालाही शिकवलेलं असतं. मी माझ्या नोंदीत सगळं लिहिलं आणि एमआरआय सांगितला.

बुधवारी फॅक्स आला. नामंजूर. कारण, ‘सहा आठवडे फिजिओथेरपी किंवा अन्य साधे उपचार केल्याचा पुरावा नाही.’ साध्या कंबरदुखीला हा नियम योग्यच आहे. उगाच केलेल्या एमआरआयने कित्येक कमरा विनाकारण कापल्या गेल्यात. पण ही साधी कंबरदुखी नव्हती. फॅक्सच्या तळाशी एक नंबर होता, दोन दिवसांत त्यांच्या डॉक्टरशी बोलता येईल म्हणून. याला इथे पीअर-टू-पीअर म्हणतात. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत मी फोन लावला. २२ मिनिटं संगीत वाजलं. मग एका डॉक्टरांचा आवाज आला, दुसऱ्या कुठल्या राज्यातून, दमलेला पण सभ्य. त्यांनी विचारलं, फिजिओथेरपी किती झाली? मी म्हटलं, डॉक्टर, या बाईंना स्तनाचा कर्करोग होऊन गेलाय, वजन उतरलंय, रात्री दुखतं, मणक्यावर ठोकल्यावर दुखतं. पलीकडे शांतता. मग कागद चाळल्याचा आवाज. ते म्हणाले, “माझ्यासमोर जे आहे त्यात यातलं काहीच नाही.” आणि पुढच्याच मिनिटाला त्यांनी मंजुरीचा नंबर दिला. मी तो त्या नकाराच्या फॅक्सच्या पाठीवर लिहून घेतला.

फोन ठेवून मी आमच्याकडून काय गेलं होतं ते काढून पाहिलं. फॉर्मवर एकच कोड होता, एम५४.५, म्हणजे कंबरदुखी. झेड८५.३, म्हणजे पूर्वी स्तनाचा कर्करोग, हा कोड टाकायचा राहिला होता. ‘संबंधित नोंद जोडा’ या चौकटीत चुकून दोन वर्षांपूर्वीची सर्दीची नोंद जोडली गेली होती. काम करणारी मुलगी नवी होती आणि दिवसाला असे वीस फॉर्म भरत होती. चूक तिची म्हणण्यात अर्थ नव्हता. काय जातंय ते मी पाहिलं नव्हतं.

शनिवारी एमआरआय झाला. दुसऱ्या आणि चौथ्या कमरेच्या मणक्यात कर्करोग उतरला होता. मणका ढासळण्याआधी किरणोपचार सुरू झाले आणि त्या पुढे कित्येक महिने स्वतःच्या पायांनी चालत माझ्याकडे येत राहिल्या. त्या फॅक्सची प्रत मी अजून टेबलाच्या खणात ठेवली आहे. तेव्हापासून प्रत्येक विनंतीच्या वरच्या दोन ओळी मी स्वतः लिहिते. हा माणूस कोण, त्याला काय होतंय, आणि थांबलो तर काय होईल. रोज पाऊण तास जातो आणि त्याचे पैसे कोणी देत नाही. कंपनीच्या टेबलावर रुग्ण पोचत नाही, त्याचा कागद पोचतो. त्या कागदात माणूस दिसायला हवा, ही जबाबदारी माझीच आहे, असं मी धरून चालते.

नीट कागद पाठवूनही नकार येतातच. फेडरल आरोग्य खात्याच्या महानिरीक्षक कार्यालयाने एप्रिल २०२२ मध्ये मेडिकेअर ॲडव्हान्टेज योजनांचे, म्हणजे खासगी कंपन्या चालवतात त्या मेडिकेअर योजनांचे, नकार तपासले, तेव्हा पूर्वमंजुरी नाकारलेल्या विनंत्यांपैकी १३ टक्के मेडिकेअरच्या नियमांत चपखल बसत होत्या. आधी कंपनीकडेच अपील करायचं, तिथेही नाही म्हणाले तर बाहेरच्या स्वतंत्र तज्ज्ञांकडे जायचं. आमच्याकडे त्यासाठी राज्याच्या बँकिंग आणि विमा खात्याची व्यवस्था आहे, आणि तज्ज्ञांचा निर्णय कंपनीला मानावा लागतो. पण अपील करतं कोण? केएफएफ या आरोग्य धोरणाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने ‘मार्केटप्लेस’ या सरकारी विमा बाजारातल्या योजनांचे आकडे तपासले, त्यात नाकारलेल्या क्लेमपैकी शंभरात एकावरसुद्धा अपील झालेलं नव्हतं. आजारी माणसाच्या अंगात तेवढं बळच नसतं. म्हणून मी रुग्णाची सही घेते आणि अपील स्वतः लिहिते. २०२६ पासून मेडिकेअर ॲडव्हान्टेज योजनांना तातडीच्या विनंतीवर ७२ तासांत आणि इतरांवर सात दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि नकाराचं नेमकं कारण लिहावं लागतं. आमच्यासारख्यांनी वर्षानुवर्षं आरडाओरडा केला त्यातून हे आलंय, आणि मला त्याचा आनंद आहे.

एक गोष्ट मात्र या कंपन्यांनीच मला दिली, आणि ती सांगितली नाही तर हे लिहिणं खोटं ठरेल. दर तिमाहीला त्या एक यादी पाठवतात. पॅनलवरच्या कुणाची मॅमोग्राफी राहिली, कुणाची मोठ्या आतड्याची तपासणी झाली नाही, कुणाचं मधुमेहाचं एचबीए१सी वर्षभर पाहिलेलं नाही. त्यात कंपनीचा स्वार्थ असतो, कारण याच मोजमापांवर तिला गुण मिळतात आणि मेडिकेअर ॲडव्हान्टेजमध्ये गुणांवर पैसे. असू दे. नोकरीत असताना समोर येईल तोच माझा रुग्ण होता. जो आला नाही त्याचं नावही मला कळत नसे. या यादीने मला न येणाऱ्यांची नावं दिली.

बाबांना अशी यादी कुणी देत नव्हतं. एखादं कार्ड खणातून बरेच महिने हललं नाही की ते संध्याकाळी घरी येताना त्या चाळीत डोकवायचे. कुणाच्या जिन्यात उभं राहून विचारायचे, “काय रे, खोकला गेला का रागावलास?” मी बोट धरून उभी असायचे. एकदा बाबा असंच विचारायला गेले तर तो माणूस अंथरुणाला खिळलेला आणि घरात रक्ताने माखलेला रुमाल लपवून ठेवलेला. टीबी होता. बाबांनी त्याला दुसऱ्याच दिवशी शिवडीच्या टीबी हॉस्पिटलला पोचवलं. त्या फेरीचे योजनेकडून त्यांना जास्तीचे काहीच मिळाले नसणार.

म्हणून दर शुक्रवारी दुपारी तीननंतर मी रुग्ण ठेवत नाही. यादी घेऊन बसते आणि फोन करते. निम्मे नंबर बंद असतात. काही जण विक्रीचा फोन समजून ठेवून देतात. काही रागावतात. एका बाईंना चौथ्यांदा फोन केला तेव्हा त्या तपासणीला तयार झाल्या. मोठ्या आतड्यातली गाठ अगदी लहान असताना निघाली. आज त्या ठणठणीत आहेत.

गेल्या महिन्यात एका गृहस्थांना फोन लावला. ५८ वर्षं, गोदामात रात्रपाळी, चार वर्षं माझ्या पॅनलवर आणि एकदाही आलेले नाहीत. चार वर्षं दर महिन्याला त्यांचे पैसे माझ्याकडे जमा होत होते. मी नाव सांगितलं, म्हटलं, मी तुमची डॉक्टर.

“मला डॉक्टर नाही,” ते म्हणाले.

मी म्हटलं, “तुमचं विम्याचं कार्ड जवळ आहे का? त्यावर खाली एक नाव छापलेलं असेल.”

थांबा म्हणाले. पावलं वाजली. मग एक खण ओढल्याचा आवाज आला, आतल्या वस्तू सरकल्या, बराच वेळ काहीतरी शोधणं चाललं. मी फोन कानाला लावून बसले होते. मग ते परत आले आणि एकेक अक्षर जोडत माझं लांबलचक मराठी आडनाव त्यांनी वाचलं. दुसऱ्या प्रयत्नात बरोबर वाचलं.

“तुम्हीच का?”

“मीच.”

रात्रपाळी सकाळी सातला सुटते म्हणाले. मी त्यांना मंगळवारची साडेसातची वेळ दिली. आमचा दवाखाना नऊला उघडतो.